देव सिद्ध झाला तर?

यवतमाळचा दुर्गोत्सव साऱ्या विदर्भात नावाजलेला आहे. त्या दिवसांत शहर दिव्यांनी उजळते, खेड्यापाड्यांतली माणसे पाहायला लोटतात आणि त्या गर्दीत आपल्या वस्त्यांतली लेकरेही असतात. घरी आल्यावर एखादे लेकरू सहज विचारते, "आई, सगळ्यांच्या घरी देव आहे, मग आपल्या घरी का नाही?" कॉलेजात जाणाऱ्या मुलाला त्याचा मित्र आव्हान देतो, "देव नाही हे सिद्ध करून दाखव." आणि पानठेल्यावर बापाला कोणी टोमणा मारतो, "तुम्ही देव सोडला, पण देवाने तुम्हाला सोडले का?"

या प्रश्नांना आपल्या घरांत बहुधा दोन प्रकारची उत्तरे मिळतात. एक म्हणजे रागावून गप्प बसवणे. दुसरे म्हणजे, "बाबासाहेबांनी सांगितले म्हणून आपण देव मानत नाही." पहिल्या उत्तराने लेकराचा प्रश्न मिटत नाही, मनात दबून राहतो. दुसरे उत्तर ऐकायला बरे वाटते. परंतु केवळ कोणा थोर माणसाने सांगितले म्हणून मानू नका, हे तर खुद्द तथागतांनी केसपुत्त नगरीच्या कालामांना सांगितले होते. बाबासाहेबांनी आपल्याला निष्कर्ष दिला, तशी त्यामागची कारणेही दिली. ती कारणे ज्याला ठाऊक नाहीत त्याचा निष्कर्ष पहिल्याच संकटात गळून पडतो. घरात कोणी आजारी पडले की मग तोच माणूस रात्रीच्या अंधारात भगताचे दार ठोठावतो.

म्हणून हा विषय एकदा नीट मांडून पाहू. यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. देवाचे अस्तित्व सिद्ध करता येते काय, हा पहिला. आणि समजा सिद्ध झाले, तर धर्माचे काय, हा दुसरा. लोक पहिल्या प्रश्नावर भांडण्यात सारी शक्ती घालवतात. आपल्या जगण्याचा खरा संबंध दुसऱ्याशी आहे.

दूध प्यायलेली मूर्ती

२१ सप्टेंबर १९९५ हा दिवस चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांना आठवत असेल. त्या गुरुवारी पहाटे दिल्लीतून बातमी उठली की गणपती दूध पितो आहे. टेलिफोनवरून ती बघता बघता देशभर पसरली, परदेशांतल्या मंदिरांपर्यंतही गेली. जिकडे तिकडे पेले आणि चमचे घेऊन माणसांच्या रांगा लागल्या. शिकलेली माणसे, डॉक्टर, अधिकारी, सारेच रांगेत. "आता तरी पटले ना? डोळ्यांनी पाहा," असे ज्याच्या त्याच्या तोंडी.

शास्त्रज्ञांनी त्याच दिवशी दुधात रंग मिसळून पाहिले. ते रंगीत दूध मूर्तीच्या अंगावरून पातळ थराने खाली उतरताना दिसले. द्रवाच्या पृष्ठभागाला एक ताण असतो. काठोकाठ भरलेला चमचा ओल्या दगडाला टेकवला की दूध दगडाकडे ओढले जाते आणि त्याच्या अंगावरून घरंगळते. चमचा रिकामा होतो, पाहणाऱ्याला दूध प्यायल्यासारखे वाटते. हा प्रयोग कोणालाही घरच्या पाट्यावर किंवा वरवंट्यावर करून पाहता येईल. वरवंटाही दूध पितो!

परंतु याहून महत्त्वाची एक गोष्ट त्या गडबडीत कोणी विचारली नाही. समजा, दगडाने खरोखरच दूध प्यायले असते, तर काय सिद्ध झाले असते? एवढेच की एक दगड दूध पितो. त्याने जग निर्माण केले, तो दयाळू आहे, तो न्यायी आहे, अमक्या जातीने तमक्याच्या सावलीपासून दूर राहावे असे त्याने सांगितले, यांपैकी एकही गोष्ट दूध पिण्यातून निघत नाही. चमत्काराची आणि देवाची गाठ आपण आपल्या मनात आधीच मारून ठेवलेली असते. त्या गाठीला पुरावा म्हणत नाहीत.

केरळात जन्मलेले आणि श्रीलंकेत स्थायिक झालेले डॉ. अब्राहम कोवूर यांनी १९६३ साली जाहीर आव्हान दिले होते की, फसवणुकीला वाव नसेल अशा परिस्थितीत जो कोणी दैवी शक्ती सिद्ध करील त्याला एक लाख रुपये देऊ. १९७८ साली ते वारले, तोवर ते लाख रुपये कोणीही जिंकू शकला नाही. त्या आव्हानातून एक साधा नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. "आहे" असे जो म्हणतो, दाखवण्याची जबाबदारी त्याची. माझ्या शेतात सोन्याचा हंडा आहे असे मी म्हटले, तर खणून दाखवण्याचे काम माझे. तुम्ही साऱ्या तालुक्याची जमीन खणून "हंडा नाही" हे सिद्ध करा, असे मी म्हणू लागलो तर लोक हसतील. आपल्या मुलाने मित्राच्या आव्हानाला हे उत्तर द्यावे, आणि हसत हसत द्यावे.

घडा, कुंभार आणि वारूळ

काही विचारवंतांनी चमत्कारांचा आधार सोडून निव्वळ तर्काने देव सिद्ध करण्याचा प्रयत्न केला. त्यांची दखल घेतली पाहिजे, कारण तो प्रयत्न गंभीर होता आणि त्याला सर्वांत कसून उत्तर देणारे आपलेच पूर्वसूरी होते.

आपल्या देशात नैयायिक पंडितांचा युक्तिवाद असा होता: मातीचा घडा आपोआप होत नाही, त्याला कुंभार लागतो. हे जगही घड्यासारखे एक कार्य आहे. म्हणून त्यालाही कर्ता असला पाहिजे, आणि तो कर्ता म्हणजे ईश्वर. उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली' हा अख्खा ग्रंथ ईश्वराच्या सिद्धीसाठी लिहिला.

सातव्या शतकातले थोर बौद्ध तर्कपंडित आचार्य धर्मकीर्ती यांनी या युक्तिवादाचा खोटेपणा एका वारुळाने उघडा केला. घड्याला कुंभार असतो हे आपण जाणतो, कारण कुंभाराला चाकावर घडा घडवताना आपण पाहिलेले असते. पण वारूळही मातीचेच असते. मग मातीचे आहे एवढ्यावरून वारूळ कुंभाराने केले असे म्हणावे काय? वारूळ उभे करते ती वाळवी, आपल्याकडची उधई. आपल्या काळ्या रानातल्या कोणाही शेतमजुराला हे सांगावे लागत नाही. नुसते वरवरचे साम्य पाहून कर्ता ठरवला की अशी फसगत होते. डोंगर, नद्या, तारे कोणी घडवताना आपण कधी पाहिले नाही. तेव्हा घड्याचा नियम त्यांना लावता येत नाही. पुढे अकराव्या शतकात विक्रमशिला महाविहारातील आचार्य रत्नकीर्ती यांनी ईश्वरसिद्धीचे एकेक प्रमाण घेऊन त्याचे खंडन केले. ज्या समाजाला अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्या समाजाने स्वीकारलेल्या धम्माची ही विद्वत्तेची परंपरा आहे. आपल्या मुलांना ती माहीत असली पाहिजे.

युरोपातही हाच वाद शतकानुशतके चालला. अकराव्या शतकात अँसेल्म या धर्मगुरूने केवळ "सर्वश्रेष्ठ" या कल्पनेतून देव सिद्ध करू पाहिला. १७८१ साली जर्मन तत्त्वज्ञ कांट याने दाखवून दिले की एखाद्या वस्तूच्या कल्पनेतून ती वस्तू अस्तित्वात असल्याचे निघत नाही. शंभर रुपयांची कल्पना कितीही पूर्ण केली तरी खिशात शंभर रुपये येत नाहीत! १८०२ साली पॅले नावाच्या इंग्रज पाद्र्याने घड्याळाचा दाखला दिला. घड्याळ सापडले म्हणजे घड्याळजी आलाच, तसे डोळ्यासारखा अवयव पाहिला म्हणजे त्याचा कारागीर आला. त्यानंतर १८५९ साली डार्विनचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि कारागिरावाचूनही असे अवयव लाखो वर्षांच्या बदलांतून कसे घडतात, ते जगाला कळले.

तात्पर्य, दीड हजार वर्षे दोन खंडांतल्या तल्लख बुद्धींनी प्रयत्न करूनही सर्वांना मान्य होईल असा एकही पुरावा निघाला नाही. याउलट, जगात कोठेच कोणत्याही प्रकारचा देव असणे शक्य नाही, असेही कोणी सिद्ध केलेले नाही. तशी कोणावर जबाबदारीही नाही. हे प्रामाणिकपणे मान्य करण्यात आपले काही जात नाही. कारण आपला धम्म या वादाच्या निकालावर उभाच नाही.

पैलतीराला हाक मारणारा माणूस

दीघनिकायातील तेविज्ज सुत्तात ही गोष्ट येते. अचिरवती नदीच्या तीरावर मनसाकट नावाच्या गावी वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण तथागतांकडे आले. ब्रह्माशी एकरूप होण्याचा खरा मार्ग कोणता, यावर दोघांचा वाद लागला होता. तथागतांनी त्यांना साधा प्रश्न विचारला. तुमच्या आचार्यांपैकी कोणी ब्रह्माला प्रत्यक्ष पाहिले आहे काय? त्या आचार्यांच्या आचार्यांनी? सात पिढ्यांमागच्या कोणी? उत्तर आले, नाही. मग ही तर आंधळ्यांची रांग झाली. पुढच्याला दिसत नाही, मधल्याला दिसत नाही, मागच्यालाही दिसत नाही.

त्यांनी आणखी एक दृष्टान्त दिला. नदी दुथडी भरून वाहते आहे. एकाला पलीकडे जायचे आहे. तो अलीकडच्या काठावर उभा राहून "हे पैलतीरा, इकडे ये," अशी हाक मारत बसला, तर तीर चालत येईल काय? वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या काठी राहणाऱ्या आपल्या लोकांना पुराच्या दिवसांत नदी ओलांडणे म्हणजे काय ते चांगले ठाऊक आहे. नाव लागते, पूल लागतो, नाहीतर हातपाय हलवावे लागतात.

लक्षात घेण्यासारखे आहे ते पुढचे. तथागत त्या तरुणांची थट्टा करून थांबले नाहीत. त्यांनी त्यांना मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा यांचा मार्ग सांगितला. वैर नसलेले मन, द्वेष नसलेले मन चहूदिशांना पसरवायला सांगितले. दोन तरुण देवाबद्दल विचारायला आले आणि माणसांशी कसे वागावे ते शिकून गेले. "कोण आहे?" हा प्रश्न तथागतांनी "कसे वागायचे?" या प्रश्नाकडे वळवला.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात धम्म काय नव्हे याची स्वतंत्र चर्चा केली आहे. त्यांचे म्हणणे सोप्या शब्दांत सांगायचे तर असे: देव सर्वशक्तिमान असून सारे तोच करवीत असेल, तर माणसाला स्वतःची इच्छा उरत नाही आणि सदाचाराला अर्थ राहत नाही. देव दयाळू असेल, तर जगात एवढे खून आणि एवढी क्रूरता का? तो न्यायी असेल, तर एवढा अन्याय का? आणि ज्याला कोणी पाहिले नाही, त्याच्यावरच्या विश्वासाचा माणसाला उपयोग कोणता? उपयोग तर नाहीच, उलट त्यात धोका आहे, असे बाबासाहेब म्हणतात. देव आला की प्रार्थना आली, प्रार्थना आली की पुरोहित आला, आणि पुरोहित आला की सम्यक् दृष्टी गेली. ज्या घरात कर्जाच्या पैशाने पूजा घातली जाते त्या घराला ही साखळी वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

सिद्ध झाला तरी काय?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. क्षणभर असे समजू की उद्या सकाळी देव सिद्ध झाला. शास्त्रज्ञांनी मान्य केले, सर्वांनी मान्य केले. त्याने आपल्या जीवनात काय बदलेल?

उत्तर इतिहासातच आहे. १९२७ साली आपल्या शेजारच्या अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ झाली; त्यासाठी भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष बाबासाहेब होते. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो सुमारे पाच वर्षे चालला. त्या वेळचे चित्र डोळ्यांपुढे आणा. मंदिराच्या आतले आणि दाराबाहेरचे, दोन्ही बाजूंचे हजारो लोक देव मानणारेच होते. देव आहे की नाही यावर त्यांच्यात काडीचाही वाद नव्हता. एकमत होते! आणि त्या एकमताचा उपयोग काय झाला? दार उघडले नाही. डोकी फुटली. ज्यांना देवाबद्दल तिळमात्र शंका नव्हती त्यांनीच माणसाला पाणवठ्यावर शिवू दिले नाही. पुरावा मिळून त्यांच्यात आणखी कोणती भर पडणार होती? १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, ती देव असिद्ध झाला म्हणून नव्हे. त्या धर्मात माणूस माणूस ठरत नव्हता म्हणून केली.

आता उलट बाजूने पाहू. उद्या देव नाही असे सिद्ध झाले, तर समता येईल काय? इथे आपल्यातल्या उत्साही तरुणांनी थोडे थांबून विचार करावा. प्राचीन काळी मीमांसक नावाचे पंडित होते. त्यांतले मोठे आचार्य कुमारिल भट्ट यांनी जगाचा कर्ता ईश्वर स्पष्ट शब्दांत नाकारला. पण वेदाचे प्रामाण्य, यज्ञ आणि कर्मकांड मात्र त्यांनी घट्ट धरून ठेवले. म्हणजे देव गेला तरी वेद राहिले, पुरोहित राहिला, वर्ण राहिले. नुसत्या "देव नाही" या वाक्याने माणूस मोकळा होत नाही, याचा याहून मोठा दाखला कोणता हवा?

आणि याच्या अगदी उलट दाखलाही आपल्याजवळ आहे. बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले यांना आपले गुरू मानले. कबीर एका ईश्वराला मानत. महात्मा फुल्यांनीही जगाच्या कर्त्याला 'निर्मीक' असे नाव दिले. त्यांचा 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' हा ग्रंथ त्यांच्या पश्चात १८९१ साली निघाला, त्यात हा निर्मीक जागोजागी येतो. परंतु फुल्यांचा निर्मीक दलाल ठेवत नाही, स्त्री-पुरुषांत भेद करत नाही, कोणाला जन्माने नीच ठरवत नाही. विदर्भाचे गाडगेबाबा कीर्तनात गोपाळाचे नाव घेत आणि त्याच कीर्तनात नवस, बळी, अस्पृश्यता आणि कर्ज काढून केलेले सणवार यांवर झाडू चालवत. पंढरपूरची आपली धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली.

तीन गुरूंपैकी दोघे ईश्वर मानणारे, आणि तरीही बाबासाहेबांनी त्यांना गुरू मानले! यावरून त्यांची कसोटी कोणती होती ते कळते. माणसाने माणसाशी कसे वागावे, ही ती कसोटी. १९५० साली 'महाबोधी' मासिकात लिहिलेल्या लेखात त्यांनी धर्माला लावण्याच्या अटी सांगितल्या. समाजाला नीतीचे बंधन हवे. धर्म बुद्धीला पटला पाहिजे. त्याने स्वातंत्र्य, समता, बंधुता मान्य केली पाहिजे. त्याने गरिबीला पवित्र ठरवू नये. या अटींत देव सिद्ध करण्याची अट कोठेच नाही.

बावीस प्रतिज्ञाही या दृष्टीने पुन्हा वाचाव्यात. पहिल्या तीन प्रतिज्ञांत अमुक देव अस्तित्वात नाही असा सिद्धान्त मांडलेला नाही. मी त्यांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही, असा स्वतःच्या वागण्याचा निर्धार आहे. आणि पुढे सर्व माणसे समान आहेत असे मी मानतो व समतेसाठी झटेन, असेही वचन आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांनी दिलेले ते वचन होते. वादात जिंकलेला मुद्दा विसरता येतो; दिलेले वचन पाळावे लागते.

कोप की कारण?

हा सारा विचार आपल्या चुलीपर्यंत आणला तरच त्याचा उपयोग.

विदर्भात आदिवासी बांधवांत आणि आपल्याही समाजात सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. लेकरू सांधेदुखीने रात्र रात्र तळमळते, अंगात रक्त राहत नाही, डोळे पिवळे पडतात. अशा घरात "कोणाचा तरी कोप आहे," हे शब्द पटकन येतात. मग अंगारा, उतारा, कोंबडे. पण कारण वेगळे आहे. हा आजार आई आणि बाप या दोघांकडून मिळून येतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारांत एक असते. वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास नसतो, म्हणून तपासणी केल्याशिवाय कळत नाही. रक्ताच्या साध्या चाचणीने ते कळते आणि सरकारी दवाखान्यांत ही तपासणी होते. लग्न ठरवण्याआधी मुलामुलीची ही चाचणी करून घेतली, तर येणाऱ्या पिढीतले किती दुःख टळेल! कुंडली पाहणे आपण सोडले ते चांगलेच केले. आता तिच्या जागी हा तपासणीचा कागद पाहायला शिकले पाहिजे. आजारी लेकराला औषधोपचाराने पुष्कळ आराम पडतो. दवाखाना मध्येच सोडू नये.

दुसरे उदाहरण तर आपल्या जिल्ह्याच्या काळजाला लागलेले आहे. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात न्यावे लागले. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर वाढली होती, फवारा तोंडावर येत होता. औषधे एकमेकांत मिसळून मारली जात होती. तोंडाला फडके, हातमोजे, चष्मा काही नव्हते. याला कोणी देवाची मर्जी म्हणाले, तर कोणाचीच चूक राहत नाही. औषध विकणाऱ्याची नाही, संरक्षणाची साधने न देणाऱ्याची नाही, डोळेझाक करणाऱ्या यंत्रणेचीही नाही. दैवावर खटला भरता येत नाही, दैवाकडे नुकसानभरपाई मागता येत नाही. कारण शोधले की मात्र जबाबदार माणूस सापडतो, आणि पुढच्या हंगामात मजुराचा जीव वाचवता येतो.

तथागतांचा प्रतीत्यसमुत्पाद हा अवघड शब्द वाटतो. पण त्याचा गाभा एवढाच आहे. हे आहे म्हणून ते होते. हे थांबले की ते थांबते. दुःखाला कारण आहे, म्हणूनच दुःखाला अंत आहे. जो "मर्जी" म्हणून थांबला त्याने उपायाचे दारच लावून घेतले.

आपल्या राज्याचा जादूटोणाविरोधी कायदाही याच वाटेने जातो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे झटून २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात आपले प्राण दिले. त्याच वर्षी कायदा झाला. त्या कायद्यात देव आहे की नाही यावर एक अक्षरही नाही. नरबळी, अघोरी उपचार, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, चमत्काराच्या नावाने लुबाडणूक, अशा कृत्यांना शिक्षा आहे. माणसाला इजा झाली काय, एवढेच कायदा विचारतो.

आपले घर आधी

दुसऱ्याला सांगण्याआधी आपल्या घरात पाहिले पाहिजे. देवघर काढून टाकले आणि त्याच कोनाड्यात बुद्धमूर्ती ठेवून तिच्यापुढे "माझा मुलगा पास होऊ दे" असे मागणे घातले, तर मूर्ती बदलली, मन तेच राहिले. तथागत मार्ग दाखवणारे आहेत, वर देणारे नव्हेत. बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालताना डोळे भरून येतात ते कृतज्ञतेने, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या नावाने नवस बोलणे हा त्यांच्या साऱ्या आयुष्याचा अपमान आहे. मेणबत्ती लावून झाली की पोराच्या वहीकडे पाहावे, दारूच्या बाटलीकडे पाहावे, सुनेच्या ताटात काय पडले तेही पाहावे. पंचशील तिथे कळते.

वडीलधाऱ्यांशीही सबुरीने वागावे. म्हातारी आजी अजून मरीमायचे नाव घेत असेल, तर तिच्यावर ओरडू नये. साथीच्या रोगांत डोळ्यांदेखत घरे ओस पडत होती, दवाखाना दहा कोसांवर होता आणि तिथेही शिवाशिव होती, अशा काळातून ते नाव आले आहे. तिला दवाखान्यात हात धरून न्यावे, औषध वेळेवर द्यावे. बरे वाटले की तिचे तिलाच कळते.

शेजाऱ्याच्या श्रद्धेची टिंगल करू नये. संविधानाच्या पंचविसाव्या कलमाने त्याला त्याचा धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, तसेच आपल्यालाही दिले आहे. आणि वैज्ञानिक दृष्टी, मानवतावाद व शोधक बुद्धी वाढवणे हे ५१-क या कलमात प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. हक्क शेजाऱ्याचा जपावा, कर्तव्य आपले करावे.

लेकराने विचारले तर त्याला एवढे सांगावे: "बाळा, देव आहे असे पुष्कळ लोक मानतात, त्यांना मानू दे. आपण कोणाला न पाहता मागत बसत नाही. आपण खोटे बोलत नाही, चोरी करत नाही, कोणाला कमी लेखत नाही, आणि कोणी आपल्याला कमी लेखले तर सहनही करत नाही. हाच आपला धम्म." एवढे समजायला सहा वर्षांचे वय पुरे आहे. आणि असे वागायला आयुष्यभराची मेहनत लागते, हे त्याला आपल्याकडे पाहून कळेल.

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात गावोगावच्या विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. रोवणी, निंदण, डवरणी उरकून थकलेले बाया-माणसे कंदिलाच्या काळापासून ते ऐकत आली आहेत. यंदा तिसऱ्या खंडातला हा भाग वाचायचा दिवस आला, की वाचणाऱ्याने जरा थांबावे, पुस्तक मांडीवर ठेवावे आणि समोरच्या मुलाबाळांना म्हणावे, "आता तुम्ही प्रश्न विचारा." ज्या विहारात प्रश्न विचारला जातो, त्या विहारातले लेकरू कोणाच्याही आव्हानाला घाबरत नाही.